सुरू न होणारे इंजिन आणि देवबागच्या वाटेवरची कार्यशाळा

तारकर्लीहून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, माडांच्या एका बागेत, पत्र्याच्या शेडखाली होड्यांची इंजिने दुरुस्त करणारी एक लहानशी कार्यशाळा चालते. तिला पाटी नाही आणि ती चालवणाऱ्या मिस्त्रीकाकांना आपले नाव कुठे छापून यावे अशी इच्छाही नाही, म्हणून मी ते लिहीत नाही. त्या भागातल्या कोणत्याही होडीवाल्याला आउटबोर्ड मशीनचे, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाचे, मिस्त्री कुठे राहतात असे विचारले, तर तो वाट दाखवतो. गेल्या हंगामाच्या तोंडावर आमच्या होडीचे इंजिन सुरू होईना, तेव्हा दुसरीकडे वेळ आणि पैसा घालवून झाल्यावर मी या कार्यशाळेत गेलो. तिथे जे काम झाले ते ज्या पद्धतीने झाले, ती पद्धत होडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी असे मला मनापासून वाटते.

आमची होडी एकोणीस फुटी, फायबरची आहे. तिच्या मागच्या फळीवर जपानी बनावटीचे, दोन सिलिंडरांचे, दोन स्ट्रोकचे, १५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन बसवलेले असते. ते दोरी ओढून सुरू करायचे असते, त्याला बॅटरी नाही. हंगामात आम्ही घरी उतरलेल्या पाहुण्यांना कर्ली खाडीत फिरवतो आणि एरवी माझा धाकटा भाऊ त्याच होडीतून जाळे टाकायला जातो. पावसाळ्यात पर्यटनाच्या होड्या २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात बंद असतात, यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस उतरवलेले इंजिन ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच पुन्हा होडीवर चढते. गेल्या वर्षी ते चढवले आणि सुरूच झाले नाही. भावाने आणि मी मिळून पन्नासेक वेळा तरी दोरी ओढली असेल, पण एकदाही ते फटफटले नाही.

ज्यांनी देवबागचा संगम पाहिला आहे त्यांना या गोष्टीची काळजी का वाटते हे सांगावे लागणार नाही. इथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि ओहोटीच्या वेळी खाडीचे सगळे पाणी मुखाकडे धाव घेते. मुखाशी वाळूच्या पट्टीवर लाटा फुटत असतात. अशा वेळी संगमाच्या आत इंजिन बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले नाही, तर होडी काही मिनिटांत फुटणाऱ्या लाटांत जाते. तीन वर्षांपूर्वी असा प्रसंग आमच्यावर आला होता. होडीत पाहुण्यांची दोन लहान मुले होती. भावाने इंजिनाशी झटापट न करता पहिल्यांदा नांगर टाकला, म्हणून निभावले. तेव्हापासून ‘बघू, होईल सुरू’ असे म्हणून होडी पाण्यात ढकलण्याची माझी तयारी नाही.

या कार्यशाळेत येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी इंजिन दिले होते. ते ठिकाण कोणते हे सांगण्याचे कारण नाही, कारण मला तिथल्या माणसांपेक्षा तिथल्या पद्धतीबद्दल बोलायचे आहे. तिथे इंजिन नऊ दिवस राहिले. पहिल्या दिवशी प्लग बदलले, तिसऱ्या दिवशी कार्बोरेटर उघडून साफ केला, सहाव्या दिवशी ‘सीडीआय गेला आहे’, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा इलेक्ट्रॉनिक भाग गेला आहे, असे सांगून साडेसात हजार रुपयांचा नवा भाग बसवला. नवव्या दिवशी इंजिन होते तसेच परत मिळाले आणि आता कॉइल मागवावी लागेल असा निरोप आला. या नऊ दिवसांत एकाही भागाची मापाने तपासणी झाली नव्हती. एक भाग बदलायचा, दोरी ओढायची, सुरू झाले नाही तर दुसरा भाग बदलायचा, असा तो क्रम होता, आणि त्या क्रमाचा खर्च मालकाच्या खिशातून जात होता.

मिस्त्रीकाकांच्या कार्यशाळेचा पहिला अनुभव आला तो फोनवर. ते दिवसा फोन क्वचितच उचलतात, पण संध्याकाळी सातनंतर स्वतःहून उलट फोन करतात. त्यांनी मला इंजिन घेऊन या असे म्हटले नाही, तर प्रश्न विचारायला सुरुवात केली. किल स्विचची, म्हणजे माणूस पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी जागेवर आहे का आणि तिची क्लिप बटणाखाली पूर्ण बसली आहे का? गिअर मोकळा, म्हणजे न्यूट्रलमध्ये आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला आहे का? इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून कडक होतो की मऊच राहतो? पेट्रोल कधीचे आहे? आणि शेवटी, दोरी ओढल्यावर इंजिन एकदा तरी खोकते की अजिबात नाही? मी उत्तरे देत गेलो. नंतर कळले की या प्रश्नांतच आठवड्याला दोन-तीन इंजिने फोनवर सुरू होतात, आणि त्यासाठी ते एक पैसाही घेत नाहीत. किल स्विचची क्लिप पोरांच्या हाताने निघालेली असते किंवा टाकीचा स्क्रू बंद राहिलेला असतो. स्क्रू बंद असला की टाकीत हवा जात नाही, आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाला दारात आणल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, त्या धंद्यात हे फोनवरचे वीस मिनिटांचे बोलणे मला फार मोलाचे वाटते.

आमचे इंजिन ‘अजिबात खोकत नाही’ या उत्तरावर त्यांनी ते घेऊन यायला सांगितले, आणि सोबत टाकी, नळी आणि किल स्विचची दोरीही आणा असे बजावले. आधीच्या ठिकाणी आम्ही फक्त इंजिन नेले होते. तिथे ते त्यांच्या टाकीवर लावून बघितले गेले होते आणि त्यामुळे आमच्या टाकीत काय आहे हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता.

शेडमध्ये इंजिन लाकडी घोडीवर चढले. मी नवा सीडीआय बसवला आहे हे सांगितल्यावर मिस्त्रीकाका म्हणाले, “आदी ठिणगी बघूक व्हयी. मगे पार्टाचा बोलूया.” त्यांनी दोन्ही प्लग काढले आणि माझ्या हातावर ठेवले. प्लग पेट्रोलने ओले होते. ओला प्लग म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेटत नाही. प्लग कोरडा निघाला असता तर पेट्रोल पोहोचतच नाही असा अर्थ झाला असता आणि तपास इंधनाच्या बाजूने सुरू झाला असता. एवढ्या साध्या फरकावर पुढच्या तासाभराच्या कामाची दिशा ठरते, आणि नऊ दिवसांत हा फरक मला कोणी दाखवला नव्हता.

मग त्यांनी दोन्ही तारांना फट कमी-जास्त करता येणारा ठिणगी-तपासक लावला, त्याची कड इंजिनाच्या धातूला पक्की चिकटवली आणि मला दोरी ओढायला सांगितली. शेडच्या सावलीत निळी ठिणगी स्पष्ट दिसली असती, पण दोन्हीकडे काहीच उमटले नाही. इथे त्यांनी एक ताकीद दिली ती मी लिहून ठेवली आहे. प्लगची तार मोकळी लोंबकळत ठेवून दोरी ओढू नये, कारण ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की सीडीआयवर ताण येतो आणि तो खरोखर जाऊ शकतो. शिवाय सिलिंडरच्या भोकातून पेट्रोलचे तुषार बाहेर येत असतात, त्यामुळे ठिणगी त्या भोकांपासून लांब ठेवावी. ते स्वतः तपासणीआधी टाकीची नळी काढून बाजूला ठेवतात आणि भोकांवर फडके धरतात.

दोन्ही सिलिंडरांची ठिणगी एकाच वेळी गेली आहे, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होती. एका सिलिंडरची गेली असती तर त्या प्लगवर, त्याच्या टोपीवर किंवा तारेवर संशय घेता आला असता. दोन्ही गेल्या म्हणजे दोष दोघांना सामाईक असलेल्या ठिकाणी आहे. अशी ठिकाणे मोजकीच असतात. फ्लायव्हीलखालची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाखालची, वीज तयार करणारी कॉइल, सीडीआय, आणि इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर. सीडीआय नवा होता, पण नवा आहे म्हणून तो चांगला आहे असे त्यांनी गृहीत धरले नाही. फक्त जी तपासणी फुकटात होते ती आधी, आणि जिला नवा भाग लागतो ती शेवटी, एवढा नियम त्यांनी पाळला.

बंद करण्याच्या बटणाबद्दल त्यांनी जे समजावले ते मला वाटते बहुतेक होडीवाल्यांना उलटे माहीत असते. घरातल्या दिव्याचे बटण बंद केले की वीज तुटते. या इंजिनात तसे नाही. इथे इंजिनाची वीज फ्लायव्हील फिरल्यावर आतच तयार होते, आणि बंद करण्याचे बटण दाबले किंवा किल स्विचची दोरी निघाली की ती वीज इंजिनाच्या धातूच्या अंगाला, म्हणजे अर्थला, जोडली जाते. तिला प्लगकडे जाण्यापेक्षा ती वाट सोपी पडते, म्हणून ठिणगी मरते. याचा अर्थ असा की त्या बटणाची वायर कुठेही इंजिनाच्या अंगाला टेकली, तर इंजिनाला वाटते की मालकाने बटण दाबून धरले आहे. मग तुम्ही कितीही प्लग बदला.

त्यांनी सीडीआयजवळचा बटणाच्या वायरचा जोड सोडवला आणि पुन्हा दोरी ओढायला लावली. दोन्ही तपासकांत जाड, निळी ठिणगी कडकडली. नऊ दिवसांचा प्रश्न इथे, शेडमध्ये आल्यापासून चाळीस मिनिटांत सुटला होता. पण मिस्त्रीकाकांनी तो सुटला असे म्हटले नाही, कारण वायर सोडवून ठेवली तर किल स्विच चालणार नाही आणि माणूस पाण्यात पडला तरी इंजिन पळत राहील. असे ‘जुगाड’ करून दिलेली इंजिने त्यांनी पाहिली आहेत आणि त्यांचा त्यांना राग आहे. त्यांनी वायर बोटांनी इंच-इंच चाचपत नेली. झाकण ज्या पकडीने अडकते त्या पकडीमागे, जिथे नजर सहज पोहोचत नाही, तिथे वायरच्या आवरणाला भाताच्या दाण्याएवढी खाच पडली होती. इंजिनाच्या थरथरीने वर्षानुवर्षे घासून ती झाली होती. आतले तांबे हिरवट पडले होते आणि त्या जागी अ‍ॅल्युमिनियमवर मिठाची पांढरी बुरशीसारखी पुटकुळी चढली होती. मे महिन्यात तिथे कोरडी हवा असावी, म्हणून इंजिन चालत होते. तीन महिन्यांच्या ओलाव्याने मीठ ओले झाले आणि वायर अर्थला जोडली गेली. त्यांनी खराब तुकडा कापून डाख दिला, वर आकसणारी रबरी नळी चढवली आणि वायरची वाटच बदलून ती पकडीपासून दूर बांधली. या कामाला लागलेले साहित्य चाळीस-पन्नास रुपयांपेक्षा जास्त नसेल.

ठिणगी मिळाली तरी घाई झाली नाही. दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजला. एकाचा ११० पौंड आला, दुसऱ्याचा ११२. आकडा किती यापेक्षा दोघांत तफावत किती हे त्यांना बघायचे होते. एक सिलिंडर फार मागे पडलेला असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा गॅस्केट गेलेले असते आणि तिथे कार्बोरेटर साफ करून उपयोग नसतो. आमचे आकडे जवळजवळ होते, याचे मला हायसे वाटले.

त्यानंतर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उतरवले, आमचीच टाकी लावली, आणि ते दुसऱ्याच ओढीला सुरू झाले. भाऊ टाळ्या वाजवू लागला. वीसेक सेकंद चालून ते मेले. पुन्हा सुरू केले, पुन्हा मेले. मला धस्स झाले, पण मिस्त्रीकाका शांतपणे म्हणाले की आता दुसरा आजार बाहेर आला, पहिल्याने त्याला झाकून ठेवले होते. या कार्यशाळेचे खरे मोल मला या क्षणी कळले. एक दोष सापडला की माणूस थांबतो, आणि पहिला दोष काढूनही इंजिन चालत नाही म्हटल्यावर पहिलेच निदान चुकले असे समजून उलटसुलट हात मारू लागतो. त्यांनी तसे केले नाही. ठिणगी आहे हे मापाने सिद्ध झालेले होते, म्हणून त्या बाजूला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून त्यांनी आतले पेट्रोल लोणच्याच्या एका स्वच्छ काचेच्या बरणीत काढले, मग टाकीच्या तळातूनही थोडे काढून त्यात मिसळले. बरणी उन्हात धरली. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या दोन स्ट्रोकच्या तेलामुळे त्याला फिकट निळी झाक होती, आणि तिच्याखाली, तळाशी, बोटभर उंचीचा गढूळ थर हळूहळू वेगळा होत होता. बरणी हलवली की तो थर मण्यांसारखा फुटायचा आणि ठेवली की पुन्हा एक व्हायचा. ते पाणी होते. मे महिन्यात आम्ही अर्धी भरलेली टाकी तशीच पडवीत ठेवली होती आणि झाकणाचा स्क्रू उघडा राहिला होता. अर्ध्या रिकाम्या टाकीतली दमट हवा गार झाली की आत दव धरते. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेले राहते, मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून तळाशी बसतात. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. ही चूक आमची होती आणि ती त्यांनी न रागावता, पण स्पष्ट शब्दांत सांगितली: पावसाळ्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करायची आणि इंजिन नळी काढून, कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालवायचे.

कार्बोरेटर आधीच्या ठिकाणी ‘साफ’ झालेला होता. तरीही त्यांनी तो उघडला आणि मंद गतीचा जेट, म्हणजे पेट्रोल मापाने सोडणारी बारीक तोटी, भिंगाखाली धरून मला दाखवला. केसाएवढ्या त्या भोकाच्या कडेला ओरखडा होता, कोणीतरी त्यात तार फिरवली होती. जेटचे भोक हे मापाचे असते. तारेने ते रुंद झाले की पेट्रोल जास्त जाते, प्लग काळे पडतात आणि इंजिन मंद गतीवर रडत राहते. त्यांनी तो जेट टाकून नवा बसवला, बाकीच्या वाटा फवाऱ्याने आणि हवेच्या दाबाने मोकळ्या केल्या. रबरी फुगा दाबून कडक होत नव्हता, म्हणजे नळीत कुठेतरी हवा शिरत होती. इंजिनाकडच्या जोडातली रबरी रिंग सुकून तडकलेली निघाली. फुगा दाबताना त्याची इंजिनाकडची बाजू वर धरली तर आतल्या झडपा नीट बसतात आणि तो लवकर भरतो, ही बारीकशी गोष्टही इतक्या वर्षांनी मला तिथे कळली.

माझे काम चालू असताना मालवण बंदरातल्या एका ट्रॉलरचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, त्यांना बोलवायला आले होते. त्यांचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन फिल्टर बदलल्यापासून सुरू होत नव्हते आणि बॅटऱ्या उतरत आल्या होत्या. मिस्त्रीकाकांनी जागेवरून न उठता त्यांना सांगितले की आता एकदाही स्टार्टर मारू नका. फिल्टर बदलताना नळीत हवा गेली आहे. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा, आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल आले की स्क्रू आवळा, आणि बॅटरीची टोके घासून घट्ट करा. तासाभराने फोन आला की इंजिन चालू झाले. मिस्त्रीकाकांनी या सल्ल्याचे पैसे घेतले की नाही हे मी विचारले नाही, पण जाऊन तपासणीचे पैसे घेता आले असते ते त्यांनी घेतले नाहीत, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

आमचे इंजिन मग पिंपात अर्धा तास चालले. इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पडणारी पाण्याची धार सुरुवातीला बारीक होती. ती धार म्हणजे इंजिन थंड करणारा पंप काम करतो आहे याची खूण. त्यांनी खालचा भाग उतरवून पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पाकळ्यांचे चाक, काढला, त्याच्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच राहिल्या होत्या. पाण्याबाहेर इंजिन काही सेकंद जरी चालवले तरी हा रबर कोरडा घासून जळतो, आणि आम्ही आधी कधीतरी तेच केले असण्याची शक्यता होती. इम्पेलर नवा बसला. गिअरच्या तेलाचा स्क्रू उघडून थेंबभर तेल कागदावर घेतले, ते दुधाळ नव्हते, म्हणजे खालून पाणी शिरत नव्हते. मग ते स्वतः आमच्याबरोबर होडीत बसले, खाडीत अर्धा तास फिरले, आणि गरम इंजिन दहा वेळा बंद करून दहा वेळा सुरू करून बघितले. थंड इंजिन सुरू होणे वेगळे आणि संगमावर गरम इंजिन बंद पडल्यावर सुरू होणे वेगळे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. दहाव्या वेळी त्यांनी किल स्विचची दोरी खेचून काढली, इंजिन त्याच क्षणी बंद पडले, आणि तेव्हाच त्यांनी काम संपले असे म्हटले.

एकूण आकारणी अठ्ठावीसशे रुपये झाली. त्यात मजुरी चौदाशे, बाकी इम्पेलर, जेट, रबरी रिंगा आणि तेल. काढलेले सगळे जुने भाग त्यांनी एका पिशवीत घालून मला परत दिले. आमचा पहिला सीडीआयसुद्धा त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्याच इंजिनावर लावून पाहिला. तो पूर्णपणे चांगला होता. आता तो आमच्याकडे जादाचा भाग म्हणून डब्यात ठेवलेला आहे. साडेसात हजारांचे दुःख त्याने कमी होत नाही.

या कार्यशाळेच्या उणिवाही सांगायला हव्यात, कारण दूरवरून इंजिन घेऊन येणाऱ्याला त्यांचा त्रास होऊ शकतो. इथे छापील बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर हिशेब मिळतो. ज्यांना विम्यासाठी किंवा व्यवसायाच्या हिशेबासाठी रीतसर पावती लागते त्यांनी ते आधीच बोलून घ्यावे. सुटे भाग फारसे साठवलेले नसतात. इम्पेलर, प्लग, रिंगा मिळतात, पण कॉइल किंवा गिअरचा भाग लागला तर तो बाहेरून येईपर्यंत आठवडा जाऊ शकतो. नारळी पौर्णिमेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथे इंजिनांची रांग असते आणि मिस्त्रीकाका एकटेच असल्याने ते कोणाचेही काम मध्ये घुसवत नाहीत, ओळखीच्या माणसाचेही नाही. मला हा गुणच वाटतो, पण पर्यटकांचे आरक्षण घेऊन बसलेल्या माणसाला तो जड जाईल. चार स्ट्रोकच्या, इंधन फवारणीच्या नव्या इंजिनांचा बिघाड संगणकाला जोडून वाचावा लागतो आणि ते उपकरण त्यांच्याकडे नाही. अशा इंजिनाची इंधनाची बाजू, बॅटरी आणि जोड ते तपासतात, त्यापुढचे काम मात्र आपल्याला जमणार नाही असे सरळ सांगून परत पाठवतात. केलेल्या कामाची हमी तोंडी आणि पंधरा दिवसांची असते. आमच्या बाबतीत तिची गरज पडली नाही. इंजिन सप्टेंबरपासून मेपर्यंत चालले आणि एकदाही तिसऱ्या ओढीची वेळ आली नाही.

यंदा २५ मे रोजी आम्ही इंजिन उतरवून आधी तिथेच नेले. टाकी रिकामी करून उन्हात वाळवली, कार्बोरेटर कोरडा केला, सिलिंडरांत तेलाचे थेंब सोडून दोरी दोनदा हळू ओढली, आणि सगळ्या जोडांना ग्रीस लावले. या कामाचे त्यांनी चारशे रुपये घेतले. तुम्हाला तिथे जायचे असेल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जा, तेव्हा रांग नसते. संध्याकाळी सातनंतर फोन करा, आणि इंजिनाबरोबर तुमची स्वतःची टाकी, नळी व किल स्विचची दोरी घेऊन जायला विसरू नका. टाकीतले जुने पेट्रोल ओतून टाकू नका, ते त्यांना बरणीत बघायचे असते.